पट्टी कोण ठरवतं?

कपाट आवरताना आमच्या एका आठ मार्चच्या कार्यक्रमाचं पत्रक हाती लागलं. प्रमुख पाहुण्या, अध्यक्ष, सूत्रसंचालन, आभार अशी सगळ्यांची नावं त्यावर होती. चहा-पोह्यांची व्यवस्था करणाऱ्या बचत गटाचंही नाव होतं, आणि ते असायलाच हवं. त्याच्या वर एक ओळ होती : 'कार्यक्रमाची सुरुवात समूहगीतांनी होईल.' गीतं कोण म्हणणार हे लिहिलेलं नव्हतं. पेटीवर कोण बसणार हे तर नव्हतंच.

पत्रक मीच लिहिलं होतं.

आमच्या गाण्यांना पेटीची साथ करणाऱ्या बाई कित्येक वर्षं आमच्याबरोबर आहेत. निवृत्त शिक्षिका, म्हणून सगळ्या त्यांना 'बाई'च म्हणतात. मोर्चा असो, शिबिर असो, कुणा कार्यकर्तीची शोकसभा असो, बाई रिक्षात पेटी घालून वेळेच्या अर्धा तास आधी हजर. भाषणं ऐकून लोक विसरतात, गाणी मात्र गुणगुणत घरी जातात, असं आपण नेहमी म्हणतो. ती गाणी ज्यांच्या सुरावर उभी राहिली त्या बाईंचं नाव आमच्या एकाही पत्रकात नाही, की एकाही वृत्तांतात नाही.

या लेखात तरी ते द्यावं असं मनात होतं. लेखाचा मुद्दाच तो आहे. पण बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "नको गं नाव घालूस. मला अजून त्याच देवळात वाजवायचंय." तेव्हा नाव देत नाही. पण नाव देता न येणं हासुद्धा या विषयाचाच भाग आहे, हे वाचताना लक्षात असू द्यावं.

बाईंचं बालपण गोदाकाठच्या एका खेड्यात गेलं. गावच्या हरिनाम सप्ताहाला बाहेरून येणारे पेटीमास्तर त्यांच्या घरी उतरत. त्यांनी भावाला शिकवायला घेतलं. भावाला दोन्ही हातांची बोटं पट्ट्यांवर बसवायची होती, म्हणून भाता मारायला बहीण. भाऊ वर्षभरात कंटाळला. भाता मारता मारता बहिणीचे अलंकार पाठ झाले होते. मास्तरांच्या हे लक्षात आलं, पण त्यांनी तिला पुढे बसवलं नाही. फक्त भावाला रागावताना म्हणायचे, "अरे, तुझ्या बहिणीलासुद्धा येतंय!" बाई हसत सांगतात, "माझं पहिलं प्रशस्तिपत्रक हेच."

पुढे डी.एड. झालं, शाळेत नोकरी लागली. शाळेत एक जुनी पेटी होती आणि ती वाजवता येणारं दुसरं कुणी नव्हतं. त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत रोजच्या परिपाठाला पेटी बाईंची. शिवाय पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, स्नेहसंमेलन, समूहगान स्पर्धा. हे सगळं वर्ग सांभाळून, पेपर तपासून, जनगणना आणि निवडणुकीची कामं करून. वेळापत्रकात या कामाला तास नव्हता. स्पर्धेत शाळेचा नंबर आला की ढाल मुख्याध्यापकांच्या खोलीत जायची, फोटोत मुलं आणि पदाधिकारी असायचे, आणि बाई पेटी आवरत असायच्या.

पेटीची साथ म्हणजे काय काम असतं, हे आपल्यापैकी ज्या कधी पेटीजवळ बसल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. समूहाला साथ करणं एकट्या गायकाला साथ करण्यापेक्षा वेगळं आहे. गायक सुरात असतो, साथीदार त्याच्या मागे जातो. समूहात चाळीस गळे असतात आणि चाळीस जणींची सुराची कल्पना वेगवेगळी असते. गाणं सुरू होण्याआधी सूर द्यायचा, तो सगळ्यांच्या कानात बसेपर्यंत धरून ठेवायचा. मुलं उत्साहाच्या भरात सूर चढवत नेतात आणि लय पळवतात, वयस्क बायका दमल्या की सूर उतरवतात. त्यांना न थांबवता, न रागावता, डाव्या हाताने भाता जरा जोरात मारून आणि उजव्या हाताने मूळ स्वर ठळक करून परत जागेवर आणायचं. कडव्याची पहिली ओळ कुणालाच आठवली नाही तर ती पेटीवर अशी वाजवायची की श्रोत्यांना वाटावं हा तुकडा मुद्दाम ठेवला आहे. कुणाचा श्वास कुठे तुटतो ते ओळखून तिथे स्वर भरायचा. नीट झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही. बिघडलं तरच साथीदाराची आठवण होते.

हे वर्णन ओळखीचं वाटतंय ना? घर चालवणाऱ्या बाईच्या कामाचंही वर्णन हेच आहे. आपण वर्षानुवर्षं म्हणत आलो की घरकाम दिसत नाही कारण ते रोज होतं, आणि मोजलं जात नाही कारण ते बाई करते. साथीचंही तसंच आहे. पण इथे एक गंमत आहे, आणि ती नीट पाहायला हवी. स्वयंपाक घरात असतो तोवर बाईचा. लग्नकार्यात, हॉटेलात, पैसे मिळतात तिथे आचारी पुरुष. पेटीही तशीच. शाळेतली फुकटची पेटी बाईंची. जिथे पाकीट मिळतं, नाव पुकारलं जातं, शाल-नारळ मिळतो, तिथे 'पेटीवाले' येतात.

नाशिकच्या कुठल्याही जुन्या वस्तीत दुपारी तीन-चारच्या सुमारास फिरा. महिला भजनी मंडळाचा सराव ऐकू येईल. गाणाऱ्या पंधरावीस बायका, हातात टाळ. पेटीवर आणि तबल्यावर मात्र अनेकदा दोन पुरुष. बायका महिन्याची वर्गणी काढतात, त्यातून वादकांचं मानधन जातं. वादकांना मानधन मिळतं यावर माझा आक्षेप नाही. कलेचा मोबदला मिळालाच पाहिजे, आणि त्यातले बरेच जण हातावर पोट असलेले कलावंत आहेत. माझा प्रश्न असा आहे की ज्या मंडळाचं नावच 'महिला मंडळ', त्यातल्या गाणाऱ्या पैसे देतात आणि वाजवणारे पैसे घेतात, ही विभागणी बाई-पुरुष अशीच का पडते?

पैशापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे पट्टी. कोणत्या पट्टीला 'सा' धरायचा हे साथीदार ठरवतो. पुरुषांचा गळा साधारण काळी एक, पांढरी दोन या पट्ट्यांत मोकळा असतो. बायकांचा काळी तीन, पांढरी पाच, काळी चार या आसपास. वय झालं, दम कमी झाला की बायकांची पट्टी आणखी खाली येते. तबला एका ठरावीक पट्टीत लावलेला असतो. तो फार तर थोडा चढवता-उतरवता येतो. बायकांच्या पट्टीला लहान तोंडाचा वेगळा तबला लागतो. मंडळात येणाऱ्या वादकाकडे बहुधा एकच जोडी असते, त्याच्या नेहमीच्या गायकांना जमणारी. मग काय होतं? पंधरा बायका त्याच्या पट्टीत गातात. खाली गेलं तर आवाज गुदमरतो, वरचा धरला तर किंचाळल्यासारखा होतो. आणि ऐकणारे म्हणतात, "बायकांचं भजन म्हणजे कलकलाट."

बाई पहिल्यांदा मंडळाच्या पेटीवर बसल्या तेव्हा त्यांनी फक्त एक गोष्ट केली. प्रत्येकीला एकटीला एक ओळ म्हणायला लावली आणि सगळ्यांना झेपेल अशी पट्टी शोधली. सत्तरीच्या एक आजी म्हणाल्या, "अगं बाई, मला वाटत होतं माझा गळाच गेला." गळा गेला नव्हता. पट्टी दुसऱ्याची होती. आपल्या किती गोष्टींबाबत हे खरं आहे!

आता देवळातली गोष्ट. देऊळ कोणतं ते सांगत नाही, असे प्रसंग कुठल्याही देवळात घडतात. दर एकादशीला तिथे बाई वाजवायच्या. एका वर्षी उत्सव मोठा होता, मांडव पडला, बाहेरचे पाहुणे येणार होते. व्यवस्थापनातल्या एकांनी येऊन सांगितलं, "बाई, आज कार्यक्रम मोठा आहे, आज पेटीला वादक बोलावलेत. तुम्ही टाळ घ्या." बोलणं अगदी आदराने. बाई उठल्या, टाळ घेऊन मागे बसल्या. वादक चांगले होते, पण त्यांना ही पदं माहीत नव्हती. दुसऱ्या पदाला मंडळ अडखळलं. तेव्हा मागच्या रांगेतून बाईंनी मोठ्याने ओळ उचलली आणि सगळ्या बायका पेटी सोडून बाईंच्या आवाजामागे गेल्या. कार्यक्रम पार पडला. पाकीट पेटीला मिळालं.

मी चिडून विचारलं, "तुम्ही का उठलात?" बाई म्हणाल्या, "पेटी देवळाची आहे. आणि मंडळातल्या बायकांना बसायला दुसरी जागा कुठे आहे?" या उत्तरावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. चळवळीत आपण फार पटकन 'का सहन केलंस' विचारतो. सहन करणारीने काय वाचवलं ते विचारत नाही.

याच देवळात पाळीच्या चार दिवसांत पेटीला हात लावायचा नाही, असा अलिखित नियम होता. बाईंची पाळी जाऊन आता बरीच वर्षं झाली, म्हणून तो प्रश्न आपोआप सुटला! पण मंडळातल्या तरुण मुलींनी पेटी शिकायची म्हटलं की तो पुन्हा उभा राहतो. २०१६ च्या एप्रिलच्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयाने मंदिरप्रवेश हा स्त्रियांचा हक्क असल्याचं स्पष्ट केलं. शनिशिंगणापूर आणि आपल्या जिल्ह्यातलं त्र्यंबकेश्वर त्या काळात देशभर गाजलं. गाभाऱ्यापर्यंत जाण्याचा लढा महत्त्वाचा होताच. पण गाभाऱ्याबाहेर, सभामंडपात, पेटीच्या मागच्या बैठकीवर कोण बसतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. तिथे कॅमेरे जात नाहीत.

थोडं इतिहासात डोकावलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. आज 'आपली' वाटणारी पेटी मुळात परकी. फ्रान्समध्ये १८४२ साली अलेक्झांडर देबें याने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. मिशनऱ्यांबरोबर ती इकडे आली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून बसून हाताने भाता मारता येईल असं तिचं रूप चालवलं. संगीत नाटकांनी ती महाराष्ट्रभर नेली. गोविंदराव टेंब्यांपासून गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांच्यापर्यंत साथीची मोठी परंपरा आपल्याकडे झाली. नावं वाचताना लक्षात येईल, एकही बाईचं नाही. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली. तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, हा आक्षेप. साथीपुरती ती बंदी उठायला १९७१ उजाडलं. म्हणजे वाद्य शुद्ध की अशुद्ध यावर तीस वर्षं वाद झाला. ते कुणाच्या हाती असावं, यावर झाला नाही.

नाशिकला या विषयात वेगळं महत्त्व आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याच्या उत्तरार्धात पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढला. संगीताला कोठ्यांमधून आणि दरबारांतून काढून मध्यमवर्गीय घरांत प्रतिष्ठा मिळवून देणं हे त्यांचं जन्मभराचं काम. १९३१ मध्ये ते वारले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. त्याच्या परीक्षा आज गावोगाव होतात. या चळवळीमुळे 'चांगल्या घरच्या' मुली गाऊ लागल्या, हे ऋण मान्यच. पण कोठीवरच्या ज्या स्त्रियांनी हे संगीत पिढ्यान्‌पिढ्या जपलं त्या या 'प्रतिष्ठे'च्या बाहेर राहिल्या. आणि चांगल्या घरच्या मुलींना मिळालं ते गाणं. तबला, ढोलकी, पखवाज मिळाला नाही. आजही परीक्षा केंद्रावर जाऊन पाहा. गायनाच्या आणि कथकच्या खोलीबाहेर मुलींची रांग, तबल्याच्या खोलीबाहेर बहुतेक मुलगे.

यामागे जातही आहे, हे विसरून चालणार नाही. ढोलकी म्हटली की तमाशा आणि तमाशा म्हटला की ठरावीक जाती. हलगी म्हटली की तेच. चामड्याच्या वाद्याला हात लावणं हे एका बाजूला 'विटाळ' आणि दुसऱ्या बाजूला 'बदनामी'. उच्चवर्णीय बाईला या वाद्यांपासून दूर ठेवणं आणि तमाशातल्या बाईला त्यांच्यासमोर नाचवणं, ही एकाच व्यवस्थेची दोन टोकं. नाशिक ही १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची भूमी. आंबेडकरी जलशांची सुरुवात करणारे भीमराव कर्डक याच भागातले, आणि सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्मलेले वामनदादा कर्डकही. गाण्याने माणसं जागी करायची ही परंपरा आपल्या मातीतली आहे. पण जलशांतल्या ज्या गायक-वादकांची नावं आज आपल्याला ठाऊक आहेत तीही पुरुषांचीच. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांची नावं शोधायला उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना घरोघर फिरावं लागलं, तेव्हा १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झालं. आज कडूबाई खरात एकतारी हाती घेऊन भीमगीतं गातात आणि हजारो लोक ऐकतात. त्यांच्याकडे पाहताना मला नेहमी वाटतं, या बाईने सूर स्वतःच्या हातात ठेवला आहे. ही मोठी गोष्ट आहे.

तसं पाहिलं तर बायकांच्या स्वतःच्या गाण्याला बाहेरच्या साथीची कधीच गरज पडली नाही. जात्याला दोघी बसायच्या. एकीने ओवी उचलायची, दुसरीने ती झेलायची, खालून जात्याची घरघर हाच षड्ज. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या अशा ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. मंगळागौरीला सूप, लाटणं, घागर ही वाद्यं. झिम्म्याचा ताल हाताच्या तळव्यांचा, फुगडीचा पायांचा. भोंडल्याला तर तेवढंही लागत नाही. तिथे साथ करणारी आणि गाणारी असे दोन वर्ग नव्हते. एक दमली की दुसरी. गाणं अंगणातून मंचावर आलं, माइक आला, पाकीट आलं, तेव्हा 'साथ' ही वेगळी जागा झाली आणि ती जागा आपल्या हातून गेली.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. कर्नाटक संगीतातले थोर मृदंगवादक पालघाट मणी अय्यर अनेक वर्षं गायिकांना साथ करत नसत. डी. के. पट्टम्मळ यांच्यासाठी त्यांनी तो शिरस्ता मोडला. घटम वाजवणाऱ्या सुकन्या रामगोपाल यांनी बाईबरोबर बसायला नाखूश असलेल्या वादकांचा अनुभव घेतला आणि १९९५ साली फक्त स्त्रियांचा 'स्त्री ताल तरंग' उभा केला. मुंबईत आबान मिस्त्री (१९४०–२०१२) यांनी स्वतंत्र तबलावादन तर केलंच, शिवाय तबला-पखवाजाच्या घराण्यांवर संशोधनग्रंथही लिहिला. अनुराधा पाल यांनी १९९६ मध्ये 'स्त्री शक्ती' हा स्त्री-वादकांचा संच काढला. ही मोठी नावं आहेत आणि ती आपल्या मुलींना माहीत हवीत. पण यातल्या बहुतेकींना नाव मिळालं ते एकल वादनामुळे, किंवा आपला वेगळा संच काढल्यामुळे. साथ करून नाव मिळालेली बाई शोधावी लागते.

इथे एक मैत्रीण म्हणेल, आणि प्रत्यक्षात म्हणालीही, "आयुष्यभर बायका नवऱ्याला साथ, मुलांना साथ, पक्षाला साथ हेच करत आल्या. आता आपण त्यांना आणखी साथ करायला शिकवायचं? त्यांना पुढे बसवायला नको का?" आक्षेप वजनदार आहे. मला त्याचं उत्तर असं वाटतं : पुढे बसायचं तिने जरूर बसावं. पण साथ हे काम मुळात कमीपणाचं नाही. ते नेतृत्वाचं काम आहे. सूर कुठे धरायचा, लय किती ठेवायची, चुकलेल्यांना कसं सामावून घ्यायचं, हे जी ठरवते तीच समूह चालवते. अन्याय साथ करण्यात नाही. बाई करते तेव्हा त्या साथीला किंमत नाही आणि पुरुष करतो तेव्हा आहे, अन्याय यात आहे. उलट आपल्या चळवळीने या कामाचा मान वाढवला तर पुढारपणाची आपली कल्पनाच बदलेल. माइक हातात असलेलीच पुढारी, ही समजूत आपणही कुणाकडून तरी उसनी घेतली आहे.

दुसरा आक्षेप : "भजनी मंडळं म्हणजे कर्मकांड, सनातनीपणा. स्त्री-चळवळीने त्यात कशाला पडावं?" भजनी मंडळं बहुतेक आळीआळीची, म्हणजे जातीजातीची असतात. त्यांचा उपयोग राजकारणासाठी करून घेतला जातो, हेही मी पाहिलं आहे. तरीसुद्धा घरातून 'कुठे चाललीस' असं न विचारता जिथे जाता येतं अशी कितीतरी बायकांची आठवड्यातली ती एकच दुपार असते. सराव संपल्यावर पेटी मिटवता मिटवता जे बोलणं होतं ते मी ऐकलं आहे. सुनेचा छळ, नवऱ्याची दारू, मुलीचं मोडलेलं लग्न. आमच्या केंद्राकडे आलेल्या काही जणी बाईंनी पाठवलेल्या आहेत. बाईंना कुणी समुपदेशक म्हणत नाही. पण मोहल्ल्यात काय चाललंय हे ज्यांना आधी कळतं त्यांत पेटीवाली असते, कारण कुणाचा आवाज आज लागत नाही हे तिला सगळ्यांत आधी ऐकू येतं.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून नव्हे, कौतुक म्हणून सांगितली जाते : "आता नाशिकच्या मुली ढोलपथकात ढोल वाजवतात की!" वाजवतात, आणि कमरेला तो ढोल बांधून तासन्‌तास चालणाऱ्या मुली पाहून माझा ऊर भरून येतो. 'हे बायकांच्या ताकदीचं काम नाही' हा युक्तिवाद त्यांनी कायमचा निकालात काढला. पण मिरवणूक वर्षातून काही दिवस असते, आणि तिथेही इशारा कोण देतं ते पाहा. फोटो काढण्यापुरती मुलगी पुढे आणि निर्णयाला मागे, ही युक्ती जुनी आहे.

आणखी एक नवंच संकट आहे. अनेक शाळांत परिपाठाला आता ध्वनिमुद्रित प्रार्थना लागते. समूहगान स्पर्धेला मोबाइलवरचा ट्रॅक. भजनी मंडळांतही स्पीकर आला. स्वस्त पडतं, कुणाची मनधरणी नको. पण ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. श्वास तुटला तर तो पुढे जातो. त्याची पट्टी कोण्या लांबच्या स्टुडिओत कुणीतरी ठरवलेली असते. आजींचा गळा पुन्हा एकदा 'जातो'. पेटीची जागा बाईंच्या हाती यायच्या आतच ती जागा नाहीशी होते की काय, अशी मला भीती वाटते.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवते. आपल्या संघटनांना करता येण्याजोग्या आहेत.

आपल्या प्रत्येक पत्रकात, वृत्तांतात, फलकावर साथ करणाऱ्यांची नावं छापायची. सुरुवात या अंकापासून व्हावी. ज्यांना नाव नको असेल त्यांना विचारून गाळायचं, न विचारता नाही.

बाहेरच्या वादकाला आपण जे मानधन देतो तेच आपल्यातल्या वाजवणारीला द्यायचं. "ती आपलीच आहे" हे वाक्य आपण मालकांच्या तोंडून खूप ऐकलं आहे. ते आपल्या तोंडी नको. तिला ते परत संघटनेला द्यायचं असेल तर तो तिचा निर्णय.

प्रत्येक गटाने वर्गणी काढून एक पेटी आणि एक ढोलकी घ्यावी आणि दोघीतिघींनी ती शिकावी, वेगवेगळ्या वस्तीतल्या दोघीतिघींनी. वाद्य आपलं असलं की 'पेटी देवळाची आहे' हे कुणाला म्हणावं लागणार नाही, आणि पाळीचा प्रश्नही येणार नाही. १९८३ पासून 'मुलगी झाली हो'ने महाराष्ट्रभर दाखवून दिलं की गाणं हे आपलं मोठं साधन आहे. ते साधन हाताळायलाही आपणच शिकायला हवं.

आणि गाणं सुरू करण्याआधी विचारायचं : ही पट्टी सगळ्यांना झेपते का?

गेल्या महिन्यापासून बाईंच्या घरी शनिवारी दुपारी चार मुली पेटी शिकायला येतात. एक धुणीभांडी करते, एक अकरावीत आहे, दोघी बचत गटातल्या. पहिल्या दिवशी त्यातल्या एकीने विचारलं, "बाई, भाता कोण मारणार?" बाई म्हणाल्या, "जी वाजवेल ती. दोन्ही हात तुझेच आहेत."

मैत्रिणींनो, तुमच्या गावात, शाळेत, चर्चमध्ये, विहारात, मंडळात अशी कुणी पेटीवाली, ढोलकीवाली असेल. तिच्याशी बोला. ती कुणाकडून शिकली, किती वर्षं वाजवते, तिला कधी कुणी उठवलं का, हे लिहून घ्या आणि आमच्याकडे पाठवा. नाव छापायचं की नाही हे तिलाच विचारा. जिचं छापता येईल तिचं आपण ठळक छापू.